मिसेस हडसन कोकणात आली तर: रहस्यमालिकांतल्या छोट्या पात्रांवर फॅनफिक्शन लिहिताना

जेरेमी ब्रेटची शेरलॉक होम्स मालिका १९८४ ते १९९४ या काळात ग्रॅनाडा टेलिव्हिजनने केली. तिच्यातली रोझली विल्यम्सची मिसेस हडसन, म्हणजे होम्सची घरमालकीण, एका भागात दिसते ती मिनिटा-दोन मिनिटांपुरती. ट्रे घेऊन येते, पाहुणा आल्याची वर्दी देते, पसाऱ्याकडे एकदा बघते आणि जाते. पण तिला काढून टाका, म्हणजे बेकर स्ट्रीटवरच्या त्या जागेचं घरपण जातं आणि मागे नुसती कचेरी उरते. जुन्या रहस्यमालिकांत अशी माणसं जागोजाग भेटतात. डेव्हिड सुशेच्या पॉयरोमधली त्याची सेक्रेटरी मिस लेमन, बचावाचा वकील पेरी मेसन याच्यासमोर दर आठवड्याला खटला हरणारा सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर, ‘मर्डर, शी रोट’मधला म्हातारा डॉक्टर सेथ हॅझलिट, बंगाली डिटेक्टिव्ह ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांना चहा आणून देणारा पुतीराम. गुन्हा त्यांनी केलेला नसतो आणि ते तो सोडवतही नाहीत, तरी पुढच्या भागात ते पुन्हा हजर असतात.

अशा माणसांवर फॅनफिक्शन, म्हणजे ओळखीच्या मालिकेतली पात्रं घेऊन चाहत्याने रचलेली आपली गोष्ट, कसं लिहायचं, आणि कोकणात बसून, कोकणची जमीन वापरून कसं लिहायचं, त्याचा हा पायरीपायरीने मांडलेला आराखडा आहे. माझं मुख्य सांगणं एकच: छोट्या पात्राला डिटेक्टिव्ह करू नका. खुनी कोण हे त्याला ठाऊक नसतं आणि ते ठाऊक नसतानाच त्याला जगायचं असतं. त्याची गोष्ट तिथेच असते.

तुम्ही सिंधुदुर्गातले असाल तर हा प्रकार तुम्हाला परका वाटायला नको. दशावतारात आख्यान पुराणातलं, पात्रं सगळ्यांच्या ओळखीची, पण संवाद लिहिलेले नसतात. नट रंगात आला की उभ्या उभ्या रचतो. पूर्वरंगातला काळ्या वेषातला संकासुर मालवणीत बोलतो, लोकांना हसवतो, विष्णूच्या हातून मरतो. रात्रीच्या मुख्य आख्यानाशी त्याचं काही देणंघेणं नसतं, तरी पोरंटोरं त्याच्यासाठी जागी राहतात. ओळखीच्या पात्राच्या तोंडी आपले शब्द घालणं आणि कडेच्या पात्राला मोकळं सोडणं, या दोन्ही गोष्टी आपल्या देवळासमोरच्या मांडवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत.

पात्र निवडताना

एकदाच दिसलेलं पात्र घेऊ नका. निदान तीन-चार भागांत आलेलं घ्या, म्हणजे त्याची सवय काय आणि त्या दिवसापुरतं वागणं काय, हे वेगळं काढता येतं. दुसरं, त्याला स्वतःचं काम असावं. मिस लेमन फाइलिंगची निर्दोष पद्धत शोधण्यात बुडालेली असते. पॉयरोचा खटला तिच्यासाठी आधी एक फाइल असतो आणि मग खून. एवढ्याने अख्खी गोष्ट उभी राहू शकते, कारण जगाकडे बघण्याची तिची स्वतःची एक खिडकी आहे. तिसरं, मालिकेने त्याच्याबद्दल काहीतरी न सांगता सोडलेलं असावं.

हे तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. बर्गरचं उदाहरण घ्या. १९५७ ते १९६६ इतकी वर्षं हा माणूस पेरी मेसनसमोर उभा राहतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी हरतो. तो कर्तव्यात कसूर करत नाही, पुरावे बनवत नाही, आरोपी निर्दोष निघाला की मान्यही करतो. मग संध्याकाळी घरी जाऊन तो काय सांगतो? दुसऱ्या दिवशी कचेरीत ज्युनियर वकिलांच्या डोळ्यांत कसं बघतो? मालिका याच्यात फारशी शिरत नाही.

‘सीआयडी’ची चाहती मंडळी डॉ. साळुंखे यांच्याकडे वळतात. ते योग्यच आहे, पण मी आणखी कडेला बघायला सांगेन. दयाने लाथ घालून तोडलेल्या दारांचा विचार करा. ते दार कुणाच्या तरी घराचं असतं. दुसऱ्या दिवशी तिथे सुतार येतो, कोयंडा बघतो, चौकट बघतो आणि घरातल्या माणसांशी बोलतो. पोलिसांना जे सांगितलं नाही ते लोक सुताराला सांगतात. या गोष्टीत एसीपी प्रद्युम्न एकदाही दिसले नाहीत तरी ती सीआयडीचीच गोष्ट असेल.

वही घेऊन पुन्हा बघा

निवडलेल्या पात्राचे सगळे प्रसंग पुन्हा बघा, या वेळी आवाज बंद करून. ते कुठल्या दाराने येतं, हातात काय असतं, बसतं की उभंच राहतं, जाताना दार लावतं की उघडं ठेवतं, हे लिहून काढा. मग आवाज लावून ऐका. कुणाला काय म्हणून हाक मारतं, वाक्य पुरं करतं की अर्धं सोडतं, डिटेक्टिव्हशी बोलताना आणि तो नसताना त्याचा सूर बदलतो का?

वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात पडद्यावर दिसलेलं किंवा बोललेलं. दुसऱ्यात सुचवलेलं, म्हणजे दिसलं नाही पण अंदाज बांधायला जागा आहे असं. तिसऱ्यात निव्वळ तुमच्या कल्पनेतलं. हे रकाने वेगळे न ठेवल्यामुळे बरीच फॅनफिक बिघडते. दोन महिन्यांनी आपणच घडवलेली गोष्ट आपल्याला मालिकेत पाहिल्यासारखी वाटू लागते आणि मग मूळ पात्र हातातून निसटतं. वाचकाला तुम्ही तिसऱ्या रकान्यातलं खुशाल द्या, पण पहिल्या रकान्यातलं एकही वाक्य खोटं पाडू नका.

नट बदलले असतील तर तेही टिपून ठेवा. ब्रेटच्या मालिकेत आधी डेव्हिड बर्क वॉटसन होता, मग एडवर्ड हार्डविक आला. दोघांचा वॉटसन वेगळा आहे. तुमची मिसेस हडसन कुठल्या वॉटसनला चहा देते आहे, हे आधी ठरवायला हवं.

फट शोधा

मालिकेतल्या फटी दोन प्रकारच्या असतात. काही कथेतच असतात, म्हणजे दोन प्रसंगांच्या मधली रात्र किंवा दोन भागांच्या मधलं वर्ष. काही निर्मितीच्या कारणाने पडतात. पेरी मेसनमध्ये विल्यम टॅलमन हा नट १९६० साली काही काळ मालिकेबाहेर होता, त्यामुळे बर्गरही दिसेनासा झाला आणि मग परतला. कथेत त्याचं मोठं कारण कुणी दिलेलं नाही. फॅनफिक लिहिणाऱ्याला ही आयती मोकळी जागा आहे. ‘मर्डर, शी रोट’मध्ये शेरीफ एमॉस टपर निवृत्त होतो आणि न्यूयॉर्कहून आलेला मॉर्ट मेट्झगर त्याच्या खुर्चीत बसतो. शहरातला पोलीस एका लहान बंदराच्या गावात आला, त्याचे पहिले पंधरा दिवस कसे गेले असतील? कॅबट कोव्ह हे मेन राज्यातलं काल्पनिक मासेमारीचं गाव आहे. हर्णै किंवा देवगडच्या धक्क्यावर ज्याने नव्या बदलून आलेल्या साहेबाला पहिल्यांदा मासळीच्या लिलावात उभा राहिलेला पाहिलाय, त्याला ही गोष्ट सुचायला वेळ लागणार नाही.

प्रत्येक फट भरायची मात्र नसते. कोलंबोची बायको हे याचं मोठं उदाहरण. डिटेक्टिव्ह कोलंबो झालेला पीटर फॉक जवळजवळ दर भागात तिच्याबद्दल बोलतो. तिला काय आवडतं, ती कुणाची चाहती आहे, ती काय म्हणाली. ती मात्र कधी दिसत नाही, आणि तो सांगतो त्यातलं खरं किती आणि समोरच्याला गाफील ठेवण्यासाठी किती, हेही कळत नाही. १९७९ साली वाहिनीने तिच्यावर स्वतंत्र मालिका काढली. केट मलग्रू त्या भूमिकेत होती. तिला पडद्यावर आणली, वर गुन्हे सोडवायला लावलं. लोकांना ते रुचलं नाही, मग मालिकेचं नाव बदललं, पुढे पात्राचं आडनावही बदलून कोलंबोशी नातं तोडलं आणि १९८० मध्ये सगळं आटोपलं. तिच्यात माणसांना जे प्रिय होतं ते तिच्या न दिसण्यात होतं. तिच्यावर लिहायचंच झालं तर तिच्या दुकानदारावर लिहा, शेजारणीवर लिहा, आणि तिला पलीकडच्या खोलीतच राहू द्या.

त्याला काय ठाऊक आहे, कधीपासून

कागदावर आडवी रेघ मारा. वर मूळ भागातल्या घटना क्रमाने लिहा आणि खाली तुमच्या पात्राला त्यातलं काय कधी कळलं ते. वरची बाजू गच्च भरलेली दिसेल आणि खालची जवळजवळ रिकामी. ती रिकामी बाजू म्हणजे तुमचं कथानक.

नवे लेखक घाबरून ती भरायला जातात. मोलकरीण दाराआड उभी राहून सगळं ऐकते, हवालदार योगायोगाने चिठ्ठी वाचतो. तसं केलं की पात्राची जागा जाते आणि ते दुय्यम दर्जाचा डिटेक्टिव्ह होतं. त्यापेक्षा त्याला चुकीचा अर्थ लावू द्या. रक्ताचा डाग पाहून मोलकरणीला कपडे धुण्याचं पडेल. मध्यरात्री आलेल्या परक्याला पाहून तिला उद्याच्या दुधाची चिंता लागेल. वाचकाने मूळ भाग पाहिलेला असतो, त्याला डागाचा अर्थ माहीत असतो. त्याचं कळणं आणि तिचं न कळणं यांत जो ताण तयार होतो, त्यावर तुमची गोष्ट चालते. हा ताण तुम्हाला मूळ मालिकेकडून फुकट मिळालेला आहे, तो वाया घालवू नका.

एक गोष्ट पूर्ण उलगडून बघू

‘एम्प्टी हाऊस’ ही मूळ कथा १९०३ सालची, ब्रेटच्या मालिकेत ती १९८६ मध्ये आली. रायखेनबाखच्या धबधब्यात मेला असं जगाने धरून चाललेला होम्स तीन वर्षांनी, १८९४ मध्ये लंडनला परततो. समोरच्या रिकाम्या घरातून त्याच्यावर एअरगन रोखलेली असणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो खिडकीत आपला मेणाचा अर्धपुतळा ठेवतो. पुतळा स्थिर राहिला तर संशय येईल, म्हणून तो दर पाव तासाने थोडा हलवायचा. हे काम करते मिसेस हडसन. अंधारात, गुडघ्यांवर रांगत, आपली सावली पडद्यावर पडू न देता, दोन तासांत आठ वेळा. शेवटी गोळी येते आणि पुतळ्याचं डोकं फोडून भिंतीवर आदळते.

मूळ कथेत तिच्या वाट्याला याबद्दल दोन-तीन वाक्यं येतात. पण पहिला रकाना भरायला घेतला की आणखी एक गोष्ट हाती लागते. होम्सचा भाऊ मायक्रॉफ्ट याने त्या खोल्या तीन वर्षं होत्या तशाच ठेवायला लावल्या होत्या. म्हणजे ही बाई तीन वर्षं एका मेलेल्या माणसाच्या खोलीची देखभाल करत होती. तो जिवंत दारात उभा राहिला तेव्हा तिला झटकाच आला, असं होम्स स्वतः सांगतो. आणि त्याच दिवशी त्याने तिला गोळीच्या वाटेत रांगायला सांगितलं. ती हो म्हणाली. का म्हणाली? ही फट खरोखर मोठी आहे.

आता ही गोष्ट कोकणात आणायची. नावं बदलून बेकर स्ट्रीटच्या जागी पेठ लिहिलं म्हणजे ती कोकणात आली असं होत नाही. आधी शोधायचं की इथे हे नातं कुणाचं कुणाशी असेल. आपल्याकडे घरमालकीण आणि भाडेकरू हे नातं गावात तेवढं खोल नाही. पण बंद घर आणि किल्ली सांभाळणारी शेजारीण हे नातं प्रत्येक वाडीत आहे. चाकरमानी मुंबईला, घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकीकडे. तिन्हीसांजेला ती कुलूप काढते, देवाकडे दिवा लावते, पावसाळ्यात गळती बघते, वाळवी बघते. मालक तीन वर्षं आला नाही, पत्र नाही, फोन नाही. गाव म्हणतं, तो गेला. ती दिवा लावायचं सोडत नाही. इथे मिसेस हडसन सापडली.

मग युक्ती. आपल्या चिरेबंदी घराला रस्त्यावर उघडणारी पडद्याची उंच खिडकी नसते. पडवी असते, तिला लाकडी गज असतात, पुढे खळं आणि खळ्याच्या कडेला माड. पडद्यावरच्या सावलीचा खेळ इथे जमणार नाही. मारेकऱ्याला कंदिलाच्या उजेडात माणसाचं डोकंच दिसणार. मेणाचा पुतळा तरी कुठून आणणार? पण गोष्ट श्रावणाच्या शेवटाला ठेवली तर गणपतीच्या शाळेत शाडूच्या मूर्ती अजून ओल्या असतात आणि ज्याने आयुष्यभर मूर्ती घडवल्या त्याला ओळखीच्या माणसाचं मस्तक घडवायला एक दुपार पुरते. शाडूने गोष्टीला मेणाने न दिलेलं काहीतरी मिळतं: तो जड असतो, ओला असतो आणि हलवला की चिरतो.

एअरगनचंही तसंच. मूळ कथेत बंदूक आवाज न करणारी हवी, कारण लंडनच्या रस्त्यावर गोळीचा आवाज झाला तर माणसं धावतील. इथे शेतसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका गावोगाव आहेत. शेतात भात उभं असताना रात्री बार ऐकू आला तर माणूस कूस बदलून म्हणतो, डुक्कर आला असेल. मारेकऱ्याला आवाज लपवण्याची गरजच नाही. त्यामुळे गोष्टीला नवं वळण मिळतं. गावाला बार ऐकू आला, सगळ्यांना त्याचं साधं कारण ठाऊक होतं आणि म्हणून कुणीच आलं नाही. तो आवाज काय होता, हे फक्त काकीला माहीत.

तुमचा मधला परिच्छेद साधारण असा होईल:

“कंदिलाची वात तिने आधीच खाली केली होती. माजघराच्या उंबऱ्यापासून रांगत पडवीत जायचं, टोपी घातलेलं ते डोकं जरा डावीकडे वळवायचं, तशीच रांगत मागे यायचं. शाडू अजून ओला होता, बोटं रुतत होती. तिसऱ्या खेपेला कानाखाली चीर गेली. तिने पदराचं टोक तांब्यात भिजवून चीर लिंपली. ‘कान पडलो तर तेका काय तोंड दाखवू?’ ती स्वतःशीच पुटपुटली. तीन वर्षं त्याच्या घरातली एक वस्तू तिने इकडची तिकडे होऊ दिली नव्हती.”

यात मारेकरी नाही, कट नाही, भीतीचा उल्लेखही नाही. तिला चिंता आहे कानाची. वाचकाला खळ्याच्या पलीकडे काय आहे ते माहीत आहे, त्यामुळे भीती तो स्वतः आणतो. परतलेल्या माणसाला या सगळ्या गोष्टीत दोनच वेळा बोलू द्या: एकदा काम सांगताना, एकदा काम झाल्यावर. त्याने आपली हुशारी उलगडून सांगायला सुरुवात केली की काकी पुन्हा कडेला ढकलली जाईल.

भाषा तालुक्याची हवी

मूळ मालिका इंग्रजी, हिंदी किंवा बंगालीतून आलेली असली तरी तुमची गोष्ट मराठीत घडते. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि बोली संवादापुरती, अगदी थोडी वापरा. ती कुठली बोली हे नक्की हवं. देवगड-मालवणची काकी ‘माका म्हायत नाय’ म्हणेल. संगमेश्वराकडची तसं बोलणार नाही. अलिबाग-मुरूडकडच्या कोळी-आगरी घरातलं बोलणं आणखी वेगळं आणि दाभोळ-बाणकोटच्या कोकणी मुसलमान घरातलं त्याहून वेगळं. एकाच संवादात मालवणी क्रियापद आणि आगरी सर्वनाम आलं की तिथल्या वाचकाचं मन उडतं. तुम्हाला एकच बोली येत असेल तर गोष्ट त्याच तालुक्यात ठेवा.

हाक मारण्यालाही जपा. परतलेला चाकरमानी काकीला नावाने हाक मारणार नाही आणि ती त्याला ‘साहेब’ म्हणणार नाही. पोलिसांसमोर मात्र ती त्याच्याबद्दल आदरार्थी बोलेल. मूळ मालिकेतलं अंतर इथल्या नात्यात कसं बोललं जाईल हे एकदा ठरलं की अर्धे संवाद आपोआप सुचतात.

जमिनीची आणि समुद्राची शिस्त

रहस्यकथेचा वाचक वेळ मोजतो. किनाऱ्यावर वेळ समुद्र ठरवतो, म्हणून तिथे चूक लगेच पकडली जाते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ दर दिवशी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत लहान भरती. खाडीतून तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा माणूस हे सगळं डोक्यात घेऊन फिरतो. अमक्या वेळी होडी त्या बाजूला लागूच शकत नव्हती, एवढं त्याला कळतं, पण त्याचा खुनाशी काही संबंध आहे हे कळत नाही. छोट्या पात्राला याहून चांगलं ज्ञान देता येणार नाही.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. जुलैत ट्रॉलर समुद्रात दाखवलात तर तो नियम मोडून गेलेला असावा लागेल, आणि मग तेच गोष्टीचं कारण व्हायला हवं. मुंबईहून कोण किती वाजता पोचू शकतो हेही काळावर ठरतं. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या त्या जानेवारी १९९८ मध्ये, ‘सीआयडी’ सुरू झाली त्याच महिन्यात. त्याआधीची गोष्ट असेल तर रात्रीची एसटी, आणि त्याहून जुनी असेल तर आगबोट, जी पावसाळ्यात बंद.

गावात मृतदेह सापडला तर पहिला येतो तो पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला, गावातलाच माणूस. ठाण्याला कळवणं त्याचं काम, आणि मेलेला बहुधा त्याच्या ओळखीचा. मग पंचनामा, त्याला दोन पंच. मालिकांत पंच म्हणजे मागे उभी राहिलेली दोन माणसं. ती आपली शेती, दुकान सोडून आलेली असतात, नको असताना सही करतात आणि वर्षांनी कोर्टात साक्षीला जातात. होम्समधल्या लेस्ट्रेड किंवा पॉयरोमधल्या जॅपसारख्या इन्स्पेक्टरवर फॅनफिक लिहायचं असेल तर ते पंचाच्या बाजूने लिहून बघा. एक तांत्रिक गोष्ट: १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. गोष्टीचा काळ बघून कलमांचा उल्लेख करा, किंवा कलमं टाळा.

लांबी आणि शेवट

छोट्या पात्राची गोष्ट छोटीच शोभते. दीड ते तीन हजार शब्द पुरे. मूळ भागाचं कथानक सांगण्यात जागा घालवू नका. ज्याने तो पाहिला नाही त्याला दोन वाक्यांत धागा मिळाला की झालं. गोष्ट संपवायची कुठे, तर पात्राचं स्वतःचं काम संपतं तिथे. खुनी सापडला किंवा नाही, काकीला सकाळी पडवी झाडायची असते आणि फुटलेला शाडू विसर्जित करायचा की उकिरड्यावर टाकायचा हा तिला खराच प्रश्न असतो. तो तिने सोडवला की गोष्ट झाली.

हक्कांचं काय

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं त्याच्या लेखनावर कॉपीराइट असतो. आर्थर कॉनन डॉयल १९३० साली गेले, म्हणून होम्सच्या मूळ कथा इथे कधीच मुक्त झाल्या. शरदिंदु बंद्योपाध्याय १९७० साली गेले, म्हणजे ब्योमकेश २०३० संपेपर्यंत हक्कात आहे. अगाथा ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, म्हणजे पॉयरो आणि मिस लेमन २०३६ संपेपर्यंत. मालिकेचे हक्क वेगळे मोजतात, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. त्यामुळे १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेली बासू चॅटर्जींची ब्योमकेश मालिका अजून बरीच वर्षं बंधनात राहील.

याचा व्यवहारात अर्थ असा. होम्सच्या कथांमधली मिसेस हडसन घेऊन गोष्ट लिहिलीत तर दिवाळी अंकालाही देता येईल, मात्र ब्रेटच्या मालिकेनेच घातलेले प्रसंग आणि संवाद त्यात नकोत. बाकीच्यांवर लिहिलेलं फॅनफिक पैशांशिवाय, मूळ मालिकेचं नाव स्पष्ट सांगून वाचायला द्या, विकू नका. शेतातल्या बंदुकीवाल्या गोष्टीसारखं तुमचं रूपांतर मूळापासून इतकं दूर गेलं की नावं काढूनही उभं राहतं, तर नावं काढा. मग ती तुमची स्वतंत्र कथा आहे आणि तिच्यावर कुणाला विचारायची गरज नाही.

वाचून घ्या, मगच पुढे

दोन वाचक हवेत. एक, ज्याने मूळ मालिका अनेकदा पाहिली आहे. तो पहिल्या रकान्यातल्या चुका सांगेल. दुसरा, ज्याने ती अजिबात पाहिलेली नाही, पण जो तुमच्या गोष्टीतल्या तालुक्यातला आहे. त्याला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तो मध्येच ‘आमच्याकडे असं म्हणत नाहीत’ म्हणेल तिथे खूण करा. आणि त्याला विचारा, काकी ते डोकं हलवायला तयार का झाली असेल? त्याने लगेच उत्तर दिलं, आणि ते तुमच्या मनातल्या उत्तरापेक्षा वेगळं असलं तरी चालेल. उत्तरच आलं नाही, तर मधला भाग पुन्हा लिहा.

त्याच पात्रावर दुसरी गोष्ट लिहायला घ्याल तेव्हा वहीत चौथा रकाना आखा: माझ्या आधीच्या गोष्टीत मी काय सांगून बसलो किंवा बसले. काकीने पहिल्या गोष्टीत शाडू विसर्जित केला असेल, तर दुसऱ्या गोष्टीत तो उकिरड्यावर सापडता कामा नये.